सुपरमॅन मालेगावात, जर्मन मायोर्कात

जर्मन सिनेमा म्हटलं की आपल्याकडच्या फिल्म सोसायटीत वाढलेल्या प्रेक्षकाला फ्रिट्झ लांग, हेर्झोग, फासबिंडर, वेंडर्स ही नावं आठवतात. सगळी गंभीर माणसं. पण जर्मनीतला कामगार, दुकानदार, बसचालक पदरचे पैसे खर्चून ज्या चित्रपटांना जाऊन हसला, ते वेगळेच. त्यात एक अख्खी जात अशी आहे की दोन-चार बावळट किंवा आगाऊ जर्मन कुठल्यातरी उन्हाच्या देशात जातात, इबिझाला, मायोर्काला, इटलीच्या किनाऱ्यावर नाहीतर थायलंडला, आणि तिथे धुडगूस घालून परत येतात. कथा नावापुरती. विनोद पडण्या-आपटण्याचा, गैरसमजाचा आणि बराचसा कंबरेखालचा. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण लोक जातच राहिले.

या चित्रपटांविषयी नाशिककरांना सांगावंसं वाटतं, त्याला कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या पोरांनी असाच हलकाफुलका, समीक्षकांच्या लेखी सवंग सिनेमा काढला, पण नेमका उलट्या दिशेनं. जर्मन लोक आपला विनोद घेऊन परदेशी गेले. मालेगावकरांनी परदेशच उचलून मोसम नदीच्या काठी आणला. या दोन्हींकडे एकत्र पाहिलं की लोकांचा विनोद आणि लोकांचा खिसा यांचं नातं फार स्पष्ट दिसतं.

आधी जर्मनीचं. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेला पश्चिम जर्मनी 1950 च्या दशकात झपाट्यानं सावरला. हाती पैसा आला, छोटी मोटार आली, पगारी रजा मिळू लागली. आल्प्स ओलांडून इटलीच्या समुद्रावर जाणं हे मध्यमवर्गाचं पहिलं मोठं स्वप्न ठरलं. सिनेमा लगेच त्यामागे धावला. 1959 मध्ये हाइन्झ एअरहार्ट या लाडक्या विनोदी नटानं 'ड्रिलिंगे आन बोर्ट' या चित्रपटात तिळ्या भावांची भूमिका केली आणि तिघांनाही पर्यटनाच्या बोटीवर चढवलं. त्या काळी बोटीची सफर बहुतेक प्रेक्षकांना परवडणारी नव्हतीच. ती पडद्यावर तिकिटाच्या दरात मिळत होती.

मग 1963 मध्ये नेकरमान या टपालानं माल विकणाऱ्या कंपनीनं पर्यटनात उडी घेतली. ज्या सूचीपत्रातून लोक सदरे आणि शिलाई मशीन मागवत, त्याच पद्धतीनं आता विमानप्रवास, हॉटेल आणि जेवण एका किमतीत मिळू लागलं. स्पेनचं मायोर्का बेट जर्मनांनी इतकं भरून गेलं की त्याला लोक थट्टेनं जर्मनीचं सतरावं राज्य म्हणू लागले. खरी राज्यं सोळाच आहेत. प्रेक्षक स्वतः विमानात बसू लागला आणि विनोदाची जागाही बदलली. 1983 मध्ये 'सनशाइन रेगे आउफ इबिझा' आला, 1997 मध्ये टॉम गेअरहार्टचा 'बालरमान 6'. हे दुसरं नाव मायोर्काच्या किनाऱ्यावरच्या एका दारूच्या अड्ड्याचं आहे. स्वस्त बिअर आणि आरडाओरडा यासाठी तो जर्मनीभर माहीत होता. 2015 मध्ये 'फाक यू ग्योटे 2' मधल्या उनाड शाळकरी पोरांची सहल थेट थायलंडला गेली आणि जर्मनीत 70 लाखांहून जास्त तिकिटं खपली. तोवर थायलंड हे जर्मनांसाठी नेहमीच्या सुट्टीचं ठिकाण झालेलं होतं.

म्हणजे एखाद्या समाजाचा स्वस्त विनोद पडद्यावर कुठवर प्रवास करतो, त्यावरून त्या समाजातला साधा माणूस खर्च करून कुठवर जाऊ शकतो याचा अंदाज बांधता येतो. बऱ्याचदा सिनेमा एक पाऊल पुढे असतो, एवढंच.

या चित्रपटांत एक खोट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. गोष्ट थायलंडात घडते, पण थाई माणूस तिथे जवळपास नसतोच. तो वेटर असतो, रिक्षावाला असतो, हसणारी बाई असते. त्याला वाक्यं दोन, स्वभाव शून्य. याला निव्वळ आळस म्हणता येणार नाही, त्यामागे धंद्याची अडचणही आहे. शाब्दिक विनोदाला दोघांची भाषा एक लागते. ती नसली की लेखकाकडे उरतं ते हातवारे, घसरून पडणं, उलटं खाणं, चुकीच्या खोलीत शिरणं. म्हणून परदेशात गेलेला विनोद बहुधा अंगाचा असतो, तोंडाचा नसतो. आणि परक्या माणसाचं तोंड बंद राहिलं की तो नेपथ्याचा भाग होतो, समुद्र आणि माडासारखा.

पण त्याच जर्मनीत 1988 मध्ये गेअरहार्ट पोल्ट या बव्हेरियन विनोदवीरानं याच मसाल्यातून एक अस्सल चित्रपट काढला. 'मान श्प्रिश्त डॉइच', म्हणजे इथे जर्मन बोललं जातं. दिग्दर्शक हान्स क्रिस्तिआन म्युलर. इटलीतल्या तेराचिना गावचा किनारा आणि ल्योफलर नावाच्या बव्हेरियन कुटुंबाच्या सुट्टीचा शेवटचा दिवस, एवढीच गोष्ट. नवरा, बायको आणि मुलगा वाळूत पडलेत. समोर समुद्र आहे, पण बापाचा जीव मोटारीत अडकलाय, कारण इटालियन लोक ती फोडणार याची त्याला खात्री आहे. बायको एका देखण्या इटालियन पुरुषाची दिवास्वप्नं पाहते, नवरा स्वतःची वेगळी पाहतो. दोघांच्या स्वप्नांतला इटली रंगीत आहे आणि डोळ्यांसमोरचा इटली त्यांना दिसतच नाही. चित्रपटभर हसू येतं ते या कुटुंबाला. इटालियन माणूस इथेही फार बोलत नाही, पण तो कुणाच्या थट्टेचा विषय नाही. माझ्या मते या जातीतला हा सर्वोत्तम चित्रपट. प्रवासी हाच विनोदाचा विषय केला की तेच ठिकाण, तीच वाळू आणि तोच पोट सुटलेला नायक एकदम माणसासारखा दिसू लागतो.

हा प्रवासी आपल्या ओळखीचाच आहे. जर्मन पर्यटक पहाटे उठून हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवतात, ही युरोपभर चालणारी थट्टा आहे. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून सीट धरणाऱ्या आपल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

परदेश दाखवायला परदेशी जावंच लागतं असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या 'कॅरी ऑन' या अशाच चावट चित्रपटमालिकेनं 1968 मध्ये 'कॅरी ऑन अप द खैबर' काढला. वायव्य सरहद्दीवरची खैबर खिंड त्यांनी वेल्समधल्या स्नोडोनियाच्या डोंगरात उभी केली. 1972 च्या 'कॅरी ऑन अब्रॉड' मधलं स्पेनचं अर्धवट बांधलेलं हॉटेल तर पाइनवुड स्टुडिओच्या मोटारी लावायच्या जागेत बांधलं होतं. पैसे नाहीत तर डोंगर जवळचा घ्या, नाव लांबचं द्या.

ही युक्ती नाशिकला त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होती. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके 1909 मध्ये छपाईची यंत्रं आणि रंगीत छपाईचं तंत्र पाहायला जर्मनीला गेले होते, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये झळकला आणि त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. नदी, घाट, देवळं, वाडे, डोंगर, सगळं हाताशी. 1917 च्या 'लंकादहन'साठी त्यांनी इथेच लंका उभी केली, इथेच जाळली, आणि अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता दोन्ही करून घेतले. पुराणपटांबरोबर फाळक्यांनी छोटे गमतीचे पटही केले. 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट दाखवला जाई. आगकाड्या नाचवणारा एक पट होता. जादूचे प्रयोग करणारे 'प्रोफेसर केळफा' होते, म्हणजे स्वतः फाळकेच, नाव तेवढं उलटं केलेलं. भारतीय सिनेमाचा थिल्लरपणा, चांगल्या अर्थानं थिल्लरपणा, जवळजवळ त्याच्याच वयाचा आहे आणि त्यातला बराचसा गोदाकाठी जन्मला.

त्याही मागे जायचं तर तमाशाकडे जावं लागेल. गवळणीत मथुरेचा बाजार असतो, पण पेंद्या आणि मावशी बोलतात आपल्या गावंढळ मराठीत, आणि दुधाच्या घागरीवरून जे टोमणे चालतात ते जत्रेतल्या प्रेक्षकासाठी असतात. पडदा नाही, देखावा नाही. बोर्डावर एक गिरकी घेतली की मथुरा आली. 2001 मध्ये जर्मनीत 'डेर शू डेस मानिटू' हा चित्रपट आला आणि एक कोटीहून अधिक लोकांनी तो पाहिला. त्यात अमेरिकेतला आपाची सरदार चक्क बव्हेरियन बोलीत बोलतो, आणि ती अमेरिका स्पेनच्या आल्मेरियातल्या वाळवंटात चित्रित केलेली आहे. जर्मन प्रेक्षक ज्यामुळे खुर्चीतून कोसळले, ते मावशी आणि पेंद्यानं आपल्याकडे कधीचंच केलं होतं. दादा कोंडके याच मातीतून, 'विच्छा माझी पुरी करा'च्या लोकनाट्यातून पडद्यावर आले. 1971 च्या 'सोंगाड्या'पासून त्यांचा अर्ध्या चड्डीतला, लोंबत्या नाडीचा भोळा नायक घराबाहेर पडतो तो फार तर शहरापर्यंत. गिरणगावातल्या आणि खेड्यातल्या त्यांच्या प्रेक्षकाला मुंबई हाच परदेश होता.

आता मालेगाव. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गानं साधारण शंभर किलोमीटर. यंत्रमागांचं गाव, बहुसंख्य वस्ती मुसलमान विणकरांची. खडखडाट रात्रंदिवस चालतो, आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. त्या सुट्टीत कामगारानं करायचं काय? सिनेमा. मालेगावइतकं सिनेमावेडं गाव महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. व्हिडिओ पार्लरच्या काळात नासिर शेख हा तरुण असंच एक पार्लर चालवत होता आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंगही करत होता. परदेशी चित्रपट पाहून पाहून त्याचा हात बसला. 2000 च्या सुमारास त्यानं 'मालेगाव के शोले' काढला. खर्च काही हजारांतला. डाकूंना घोडे कुठून आणणार? सायकली दिल्या. हा चित्रपट मालेगावात धो धो चालला आणि गावाला स्वतःचा सिनेउद्योग मिळाला.

नंतर नासिरनं हात घातला थेट अमेरिकेला. 'मालेगाव का सुपरमॅन'. भूमिका शफीक शेखची, मागावर काम करणारा काटकुळा, लाजरा पोरगा. निळे कपडे, लाल चड्डी, तिची नाडी बाहेर लोंबतेय, पायात हवाई चप्पल. अमेरिकेचा सुपरमॅन पृथ्वी वाचवतो. मालेगावचा सुपरमॅन गावातल्या घाणीशी आणि तंबाखूच्या व्यसनाशी लढतो, आणि धुळीनं त्याचाच श्वास कोंडतो. हा विनोद बाहेरून आणलेला नाही. ज्या गावात कापसाचे तंतू हवेत तरंगतात आणि खोकला घरोघरी आहे, तिथे सर्वशक्तिमान नायकालाही धाप लागणारच.

हे सगळं आपण पाहू शकतो याचं श्रेय फैझा अहमद खान हिच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाला. 2008 मध्ये तो तयार झाला, 2012 मध्ये आपल्याकडे सिनेमागृहांत लागला. त्यातलं उडण्याच्या दृश्याचं चित्रीकरण मुद्दाम सावकाश पाहावं. शफीकला आडवं बांधून चालत्या वाहनाबाहेर धरलंय, हात पुढे, पाठीवरचं कापड वाऱ्यावर, आणि आजूबाजूला पोरांचा घोळका. सरकत्या शॉटसाठी सायकल, उंचावरच्या शॉटसाठी बैलगाडी. मागे हिरवं कापड लावून संगणकावर आकाश चिकटवण्याचा खटाटोपही आहे. एकदा कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण दुसरा कॅमेरा नाही. नायिकेचं काम करायला गावातली मुलगी मिळत नाही, ती बाहेरून आणावी लागते. लेखक फरोग जाफरी मुंबईची आस धरून बसलाय. हसता हसता लक्षात येतं की इथल्या प्रत्येक जुगाडामागे एक खरी तांत्रिक समज आहे. कॅमेरा गुळगुळीत सरकायला हवा, हे ज्याला कळतं त्यालाच सायकल सुचते. फाळक्यांना याच जिल्ह्यात हेच सुचत होतं, फक्त त्यांच्या हाती रीळ होतं आणि यांच्या हाती टेप.

शफीक फार जगला नाही. माहितीपट आपल्याकडच्या पडद्यांवर येण्याआधीच तो तरुण वयात कर्करोगानं गेला. तंबाखूशी लढणाऱ्या नायकाचं काम त्यानं केलं होतं, हे लिहिताना आजही गलबलून येतं. फेब्रुवारी 2025 मध्ये रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' प्रदर्शित झाला. त्यात नासिरचं काम आदर्श गौरवनं आणि शफीकचं शशांक अरोरानं केलंय. त्यामुळे ही माणसं देशभर पोचली, हे चांगलंच झालं. पण मोठ्या पडद्यावरचा देखणा चित्रपट पाहून मूळ ओबडधोबड चित्रपट पाहिल्याचं समाधान मानू नये.

जर्मन सहलपटापेक्षा मालेगावचा चित्रपट मला मोठा वाटतो, तो गरिबीत केलाय म्हणून नाही. जर्मन नायक दुसऱ्याच्या गावात जाऊन स्वतःच्या सवयी मिरवतो. मालेगावचा नायक परक्या देशाची कथा अंगावर चढवतो आणि ती त्याला ढगळ होते. त्या ढगळपणातून आपलं गाव दिसतं, गटारं दिसतात, मागावरची धूळ दिसते. थट्टा होते ती स्वतःची आणि स्वतःच्या गावाची. दुसऱ्याचं तोंड बंद करून कुणी इथे हसलेलं नाही.

आता आपला प्रेक्षकही विमानात बसू लागलाय आणि विनोदही त्याच्यामागे निघालाय. हिंदीत 'क्या कूल हैं हम 3' थायलंडला गेला, 2025 मध्ये 'हाउसफुल 5' बोटीवर चढला. एअरहार्टच्या बोटीला तोवर 66 वर्षं झाली होती. यातलं बरंचसं जर्मन चित्रपटांच्या जुन्या चुका गिरवणारं आहे. मराठीनं वेगळी वाट धरली. 2021 मध्ये आलेल्या हेमंत ढोमेच्या 'झिम्मा'त वेगवेगळ्या वयाच्या सात बायका टूर कंपनीबरोबर इंग्लंड पाहायला जातात. सुहास जोशी, निर्मिती सावंत यांच्याबरोबर नाशिकमध्ये वाढलेली सायली संजीवही त्यात आहे. इरावती कर्णिकच्या लेखणीत हसण्याचा विषय इंग्रज माणूस नसून या बायका आणि त्यांनी घरून सोबत आणलेलं ओझं आहे. 'झिम्मा' सवंग नाही. पण सवंगपणाच्या हद्दीवरचं केवढं साहित्य आपल्या टूरमध्ये अजून पडून आहे! रोज सकाळी सीटांच्या अदलाबदलीवरून होणारी धुसफूस, हॉटेलच्या खोलीत किटलीवर केलेला चहा, गालिचा अंथरलेल्या न्हाणीघरात पाण्याचा मग शोधणारे आजोबा, बॅगेतली लसणाची चटणी आणि विमानतळावर तिचं करायचं काय यावर झालेली सभा. नाशिकहून यात्रा कंपन्यांच्या गाड्या आचाऱ्यासकट देशभर जातात. त्या एका गाडीत तेराचिनाच्या किनाऱ्यापेक्षा जास्त मजकूर आहे. तो लिहिणारा मराठी पोल्ट अजून पुढे यायचाय.

शेवटी एक विनंती. विनोदी, हलक्या चित्रपटांना जपून ठेवावं असं कुणाला वाटत नाही, म्हणून तेच आधी नाहीसे होतात. फाळक्यांचे बहुतेक मूकपट आज आपल्याकडे नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'चीसुद्धा पहिली आणि शेवटची रिळंच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या हाती लागली. मालेगावचे चित्रपट व्हिडिओ टेपवर आणि सीडीवर निघाले. दमट हवेत टेपला बुरशी धरते, आणि स्वस्त सीडीचा थर काही वर्षांत सुटू लागतो. नाशिक, धुळे, जळगावच्या घरांत, बंद पडलेल्या व्हिडिओ पार्लरच्या माळ्यावर, लग्नाच्या कॅसेटच्या ढिगात यातल्या प्रती अजून असतील. तुमच्याकडे असेल तर भंगारात देऊ नका. एखाद्या जाणकाराकडून तिची डिजिटल प्रत करून घ्या, एक प्रत ज्यांनी चित्रपट केला त्यांच्यापर्यंत पोचवा, आणि मूळ टेप कोरड्या जागी, उभी ठेवा.